पाणवठ्याचा कॅमेरा

शेजारच्या खुर्चीवर नवीन पेशंट आला की मी त्याला औषधांबद्दल काहीही सांगत नाही. ते सांगायला डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत आणि न विचारता सल्ला देणारे नातेवाईक तर पैशाला पासरी आहेत. मी एवढंच विचारते, की मोबाईल चार्ज करून आणलाय का? इयरफोन आणलेत का? सुई कुठल्या हाताला लागणार, म्हणजे मोकळा कुठला राहणार? डायलिसिसमध्ये सुई टोचते ती क्षणभर. खरा छळ असतो तो पुढच्या चार तासांचा. एक हात मशीनला बांधलेला, समोर भिंत, भिंतीवर किडनी वाचवा असं सांगणारं पोस्टर. आम्हाला हे सांगून आता काय उपयोग, असं मी सिस्टरला एकदा म्हटलंही होतं. पोस्टर अजून तिथंच आहे.

मी सोलापुरात एका शाळेत भूगोल शिकवते. आठवड्यातून तीन दुपारी त्या खुर्चीत बसते. ज्यांना उद्यापासून तिथं बसायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. थोडं आईसाठीही आहे, पण ती वाचणार नाही. तिला एसटीची पाटी वाचता येते आणि देवळावरची देणगीदारांची नावं, बास.

स्कूटर

कितीतरी दिवस सकाळी उठल्यावर माझा चेहरा सुजलेला असायचा. झोप जास्त होतेय असं मी समजले. वर्गातल्या मुली म्हणायच्या, बाई तब्येत छान झाली तुमची. मग जिना चढताना दम लागू लागला, चपाती भाजल्याच्या वासानं ओकारी येऊ लागली आणि एक दिवस फळ्यावर भारताचा नकाशा काढता काढता मी गुजरातपाशी खाली बसले.

रिपोर्ट बघणारे डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे वाटले. त्यांनी बीपीचा त्रास कधीपासून आहे विचारलं. मी म्हटलं, मला बीपी नाही. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तेव्हाच मला कळलं. डॉक्टर खुर्ची पुढे ओढायला लागले की समजावं. दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. बीपी कित्येक वर्षं आत बसून आपलं काम करत होतं आणि मी कधी मोजूनच घेतलं नव्हतं. तुम्ही तरी मोजून घ्या, एवढा एकच वैद्यकीय सल्ला मी या लेखात देणार आहे.

सुनील, म्हणजे माझा नवरा, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. अख्ख्या पाळीची माणसं हाकणारा. त्यानं मला हाताला धरून खाली आणलं, रिक्षा केली, शेजारी बसला आणि घरी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की स्कूटर हॉस्पिटलपाशीच राहिली. आधी आम्ही दोघं हसलो. मग तो पायरीवर बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्याला उठवायलाही मीच होते.

एक तांब्या

ज्याची लघवी जवळपास बंद झाली आहे त्यानं प्यालेलं पाणी जाणार कुठं? ते पायात उतरतं, छातीत साठतं. म्हणून दिवसभराचं पाणी मोजून. माझं ठरलं एक तांब्याभर. त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी.

आणि गाव कुठलं, तर सोलापूर. एप्रिलमध्ये इथं दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा अख्खी गल्ली पिंपं, बादल्या, घागरी भरून ठेवते. घरात जिकडं बघावं तिकडं पाणी, आणि मी त्यातून एक तांब्याची मालकीण. मीठ आणि शेंगदाणे चालत नाहीत म्हणून शेंगाचटणीही बंद. सोलापूरच्या बाईला शेंगाचटणी बंद म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही.

तहान ही काय चीज आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. ती घशात नसते, डोक्यात असते. कुणी नळ सोडला की वाक्य अर्धं राहतं. सुनील माझ्यासमोर पाणी प्यायचा बंद झाला. स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचा आणि माठातून ओगराळं हळूच काढायचा. चोरून दारू पिणारे नवरे पुष्कळ ऐकले होते, चोरून पाणी पिणारा माझ्याच नशिबी आला. मला प्रत्येक घोट ऐकू यायचा, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.

छोट्या सुखांची सवय लावून घ्या. बर्फाचा एक खडा गालात धरला की बराच वेळ पुरतो. लिंबाची फोड नुसती चघळावी. आणि आमच्याकडचा टेक्निशियन सुई टोचण्याआधी "ताई, आता" असं म्हणतो. बाकीचे म्हणत नाहीत. ते एवढंसं "आता" मला फार मोलाचं वाटतं.

मेहबूबचाचांची शाळा

माझ्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर कायम मेहबूबचाचा असतात. आयुष्यभर रिक्षा चालवली, आता मशीन त्यांना चालवतं असं स्वतःच म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी सारखी घड्याळाकडे बघायची, तेव्हा त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "घडी को कायकू घुरतीस बेटी? वो नहीं डरती. ये देख."

त्यांच्या नातीनं त्यांना वेळ घालवायच्या वेबसाइट लावून दिल्या होत्या. माझी मोबाईलबद्दलची समजूत अशी होती, की त्यावर एकतर सकाळच्या शुभेच्छा येतात नाहीतर भांडणं. चाचांनी माझी शिकवणी घेतली.

एका साइटवर पृथ्वीचा गोल असतो आणि त्यावर ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावचा रेडिओ चालू. पार उत्तरेकडच्या एका बेटावरचा माणूस आम्ही बराच वेळ ऐकला. चाचांचं म्हणणं बातम्या असणार, माझं म्हणणं पाककृती. एका साइटवर आपण बोटानं चित्र काढायचं आणि कॉम्प्युटरनं ओळखायचं. मी तांब्या काढला, त्यानं पेरू सांगितला. चाचांनी रिक्षा काढली, त्याला बूट वाटला. चाचा दिवसभर रागावले होते. आणखी एका साइटवर आपल्या गावातून सरळ खाली भोक पाडलं तर पृथ्वीच्या पलीकडे कुठं निघू ते दाखवतात. सोलापूरचा माणूस निघतो थेट पॅसिफिक महासागरात. आमच्या सांगोल्याच्या शेतात भावानं बोअर मारली होती तेव्हा नुसता धुरळा वर आला होता. मी त्याला फोनवर सांगितलं, आणखी थोडं खाली गेला असतास तर समुद्र लागला असता. तो हसला. तेव्हा आम्ही बोलत होतो.

कुठल्या वेळी काय बघायचं याचं माझं एक शास्त्र झालं आहे. सुरुवातीला डोकं ताजं असतं, तेव्हा तुकडे जुळवायची कोडी घ्यावीत. एका हातानं सुरेख जमतात. मधल्या काळात रेडिओचा गोल. बीपी खाली जायला लागलं, पोटऱ्यांत गोळे यायला लागले की खेळ बंद. तेव्हा फक्त कॅमेरे. जगात ठिकठिकाणी लोकांनी कॅमेरे लावून ठेवलेत. कुठं बंदर दिसतं, कुठं बर्फातला चौक, कुठं करकोच्याचं घरटं. काही घडत नाही आणि तेच बरं वाटतं.

माझा आवडता कॅमेरा आफ्रिकेतल्या एका कोरड्या देशातला. तांबडी माती, चार खुरटी झाडं आणि मधे एक पाणवठा. आपली दुपार म्हणजे तिथली सकाळ. झेब्रे येतात, शहामृगं येतात, लांब सरळ शिंगांची हरणं येतात. जिराफाला बिचाऱ्याला फार कष्ट. पुढचे पाय फाकवून, घाबरत घाबरत, एवढी मोठी मान खाली न्यायची. आवाजही येतो. पाण्यावर जीभ लागल्याचा आवाज इयरफोनमधून थेट कानात. डॉक्टर माझं पाणी मोजत होते, पण हे पाणी कुणी मोजत नव्हतं. मी तासन्‌तास बघायची.

आई आली

किडनी कुणी द्यायची यावरून आमचं घर उसवलं. सुनीलचा रक्तगट जुळला नाही. भावाचा जुळला, पण वहिनी रडली, पदर पसरून रडली, की घरात कमावणारा हा एकटाच. मग भावानं माझे फोन घेणं कमी केलं. त्याचा मला राग आला होता, अजून थोडा आहे.

आईनं मात्र विषयच संपवला. "माजी घे की मंगे. दोन हायत. मला या वयात दोन काय करायच्यात?"

आई साठीच्या पुढची, पण काटक. सांगोल्याजवळच्या गावात भावाकडे राहते, शेरडं राखते, डाळिंबाच्या बागेत छाटणीला जाते. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात सुरुवातीच्या तपासण्या झाल्या आणि तिथले डॉक्टर म्हणाले, आजी, तुमची किडनी तिशीतल्या बाईसारखी आहे. आई लाजली. परत येताना गाडीत तिनं ते वाक्य सुनीलकडून दोनदा म्हणवून घेतलं. आता परवानग्या आणि शेवटच्या तपासण्या तेवढ्या राहिल्या होत्या. उन्हाळा उतरला की ऑपरेशन.

शिमग्याच्या सुमाराला ती एकदा माझ्यासोबत डायलिसिसला आली. स्टुलावर बसून माझे पाय दाबत होती. मी पाणवठा लावलेला. ती बराच वेळ कधी माझ्याकडे, कधी फोनकडे बघत राहिली. मला वाटलं कंटाळली असेल, म्हणून मी फोन तिच्याकडे वळवला.

"ह्यास्नी पाणी कोण पाजतंय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, कुणी नाही, जंगल आहे ते.

"न्हाय न्हाय. त्यो बग पाईप. कुणीतरी भरतंय की." आणि खरंच, दगडाच्या आडून काळ्या पाइपाचं तोंड दिसत होतं. इतके दिवस भूगोलाच्या बाईला ते दिसलं नव्हतं. झेब्रा प्यायला लागला तशी मी ओठावरून जीभ फिरवली म्हणे. मला माहीत नाही, हे तिनं मला नंतर सांगितलं.

गावी परतल्यावर ती थेट लक्ष्मीआईच्या देवळात गेली.

लेकीएवढंच

उन्हाळा संपता संपता आम्ही शेवटच्या तपासण्यांसाठी पुन्हा पुण्याला गेलो. आई वाळल्यासारखी दिसत होती, पण उन्हाळ्यात आमच्याकडची सगळीच माणसं तशी दिसतात. डॉक्टर रिपोर्ट पुन्हा पुन्हा चाळत होते. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"आजी, रोज पाणी किती पिता?"

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पाढे पाठ असलेल्या मुलीसारखी ताठ बसली.

"एक तांब्या, डॉक्टरसाहेब. सकाळधरनं रातीपातूर. मंगीयेवडंच. एक घोट बी जास्ती न्हाय."

"कधीपासून?"

"शिमग्याधरनं. लक्ष्मीआईला बोललीया मी. मंगी बरी हुईपातूर तिच्यापरास जास्ती पाणी पिणार न्हाय."

असं कुणाच्या घरी होतं? आमच्याकडे होतं. कुणी नवसाला चहा सोडतं, कुणी चप्पल सोडतं. आईनं पाणी सोडलं होतं. सांगोल्याच्या उन्हात, डाळिंबाच्या बागेत, एप्रिल आणि मे एका तांब्यावर काढले होते. देव प्रसन्न व्हायला काहीतरी लागतं, आणि तिच्याकडे द्यायला तेवढंच होतं. मला द्यायची किडनी देवाला दिलेल्या शब्दात वाळत होती हे तिला कुणी सांगायचं?

डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही किडन्यांत खडे झाले होते आणि त्यांचं काम मंदावलं होतं. नुसत्या पाण्यामुळेच असं मी म्हणणार नाही, वयही आहे, ऊनही आहे, असं ते फार सांभाळून बोलले. भरपूर पाणी प्या, दोन महिन्यांनी बघू, म्हणाले.

"म्हंजी माज्या हातानं नासली व्हय वं?" आईनं विचारलं.

डॉक्टर नाही म्हणाले. पण म्हणायला त्यांना जरा वेळ लागला, आणि आई तेवढ्या वेळाकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर आम्ही एका हॉटेलात थांबलो. पोऱ्यानं सवयीनं पाण्याचे तीन ग्लास आणून ठेवले. ते तिथंच राहिले. बिल देऊन आम्ही उठलो तेव्हा ग्लासांना बाहेरून घाम आला होता.

तुळस

पुढचे दोन महिने मी रोज फोन करायची. पाणी पितेस ना? "पिते की. पोटभर पिते." मी विश्वास ठेवला. माझी आई खोटं बोलत नाही, हे मी लहानपणापासून धरून चाललेली गोष्ट.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आकडे सुधारले नव्हते. डॉक्टर मला म्हणाले, "ताई, यांची किडनी आता काढायची नाही. यांची आता यांच्यासाठीच जपायची." एवढंच. दार आपटून बंद व्हावं तसं काही झालं नाही. बाहेर येऊन सुनीलनं गाडीची किल्ली शोधली. ती त्याच्या हातातच होती.

त्यानंतर एका दुपारी वहिनीचा फोन आला. आमचं बोलणं जवळपास बंदच होतं, म्हणून मी घाबरले. तिचा आवाज अगदी बारीक. म्हणाली, "ताई, सांगू का नगो कळंना. आत्याबाई पाणी पीतच न्हाईत वं. म्या तांब्या भरून देते, तर माज्या माघारी तुळशीत वततात. तुळस कुजायला लागली."

मी आईवर भयंकर चिडले. दुःख झालं असं लिहायला हवं, पण आधी संतापच आला. सगळं गेलं, किडनी गेली, ऑपरेशन गेलं, आता ही बाई स्वतःलाही संपवणार. फोनवर मी तिला वाट्टेल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नवस मोडला तर तुझं काय होईल? तू बरी होईपर्यंत बोललेय मी. मधेच कशी पिऊ?

फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले, म्हणजे सुनीलला ऐकू जाऊ नये. नळाला पाणी यायचा दिवस होता. किती वेळ वाहू दिलं कोण जाणे. आईला मी गमावत होते ते पाण्यापायी, आणि तिला वाचवायला मला जे बोलावं लागणार होतं ते मी अजून स्वतःशीही बोलले नव्हते.

घोट

पुढच्या डायलिसिसला, मशीन लागल्यावर, मी वहिनीला व्हिडिओ कॉल केला. आईला दारात बसव आणि फोन तिच्यासमोर धर, म्हटलं. तांब्या भरून जवळ ठेव. चाचांनी इयरफोन कानातून काढले आणि भिंतीकडे तोंड केलं.

आई पडद्यावर आली. खालून धरलेल्या फोनमुळे नुसती हनुवटी आणि गळा. गळ्याची कातडी सुकलेल्या शेंगेसारखी झाली होती.

मी म्हटलं, "आई, मी बरी होणार नाही."

"असं बोलू न्हाय मंगे."

"बोलू दे. मी बरी होणार नाही. मी मरतही नाहीये, पण बरी होणार नाही. अशीच राहणार. या खुर्चीत यायचं, जायचं, शाळेत शिकवायचं, एक तांब्या प्यायचं. तुझा नवस माझ्या बरं होण्याचा होता ना? ते होणारच नाही. संपला तो. आता पी."

बोलून झालं आणि मला कळलं की हे खरं आहे. किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, कधीतरी नंबर लागेलही, असं लोक सांगतात. मी त्यांना हो म्हणते. पण त्या दुपारी मी ती आशा आईच्या हातातून काढून घेतली, आणि ती काढताना माझ्याही हातातून गेली.

फोन धरलेला वहिनीचा हात हलत होता, म्हणून पडद्यावर आईही हलत होती. मग तिनं विचारलं, "देवीला काय सांगू?"

"सांग, मंगीनं पाजलं."

तिनं तांब्या उचलला. आमच्याकडे वरूनच पितात, तोंड लावत नाहीत. मान मागं गेली. पाणी पडताना दिसलं. पहिला घोट उतरला तेव्हा तिच्या गळ्यातून असा आवाज आला, की चाचांनी वळून बघितलं. थोडं पाणी गालावरून, कानामागून ओघळलं. ते पाणी होतं का आणखी काही, मला सांगता येणार नाही. मधे ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मला उपाशी ठेवून ती एकटीच जेवत होती. मी म्हटलं, सगळा. तिनं सगळा संपवला आणि रिकामा तांब्या मला दिसावा म्हणून फोनपुढे उपडा धरला.

कॉल संपल्यावर चाचा एवढंच म्हणाले, "पी ली?" मी म्हटलं, हो. त्यांनी इयरफोन पुन्हा कानात घातले.

नवीन पेशंटला मी अजूनही सगळ्या साइट सांगते. रेडिओचा गोल, चित्रं ओळखणारा कॉम्प्युटर, कोडी. पाणवठ्याचाही कॅमेरा सांगते, पण स्वतः आता फारसा लावत नाही. पोटऱ्यांत गोळे यायला लागले की मी आईला व्हिडिओ कॉल लावते. वहिनी फोन कशाला तरी टेकवून ठेवते आणि आपल्या कामाला जाते. आई दारात येऊन बसते, शेरडं तिच्याभोवती असतात. ती तांब्या उचलते आणि पिते, मी बघते.

तिचा घोट उतरला की माझाही कोरडा घसा हलतो. माझ्या दिवसाच्या पाण्यात तो घोट मी धरत नाही.